कातरण

दुसराही आकडा चुकला. पडद्यावर लाल अक्षरं आली : एकच संधी शिल्लक.

“मामा, मी बरोबर वाचला होता हं,” भाची म्हणाली.

“आणि मी बरोबर टाइप केला होता. म्हणजे गाढव तिसरंच कुणीतरी आहे,” मामा म्हणाला.

मामाचं सगळं आयुष्य ध्वनिमुद्रणं कापून-जोडून नीटनेटकी करण्यात गेलं होतं. खोकला, खुर्चीची करकर, मधली कुजबुज, त्याच्या तावडीतून काही सुटत नसे. त्याला ऐकावंही लागत नसे. पडद्यावरच्या लाटेचा आकार पाहूनच तो ओळखायचा आणि कापून मोकळा व्हायचा. सगळे त्याला ‘कात्री’ म्हणत. त्याचा जुना कॉम्प्युटर कधी इंटरनेटला जोडलेला नव्हता. “सोवळ्यातला आहे तो,” मामी म्हणायची.

कैक वर्षांनी आज तो सुरू केला, तर आवाज कापायचं जुनं सॉफ्टवेअर मालकालाच ओळखेना. नव्याने परवाना मागू लागलं. पडद्यावर एक लांबलचक आकडा यायचा. तो भाचीने आपल्या मोबाइलवरून कंपनीला कळवायचा, तिकडून उत्तराचा आकडा यायचा, आणि तो मामाने इकडे भरायचा. तीनदा चुकलं की कायमचं कुलूप. आणि मामाच्या जुन्या फाइली दुसऱ्या कशातच उघडत नव्हत्या.

भाची आठ महिन्यांची असताना तिची आई गेली. आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. गात गात निरूपण करणाऱ्या बुवांच्या मागे ती साथ धरायची. बुवांची सगळी निरूपणं भाचीला तोंडपाठ होती.

“गाताना ऐकलीय रे मी तिला. सात जणींच्या आवाजात मिसळलेली,” गेल्या आठवड्यात ती म्हणाली होती. “पण बोलायची कशी? नुसतं, घरात बोलतात तसं?”

मामाला आठवलं, बहिणीच्या शेवटच्या निरूपणात ही मांडीवर होती. ही मध्येच रडली होती, म्हणजे आई काहीतरी बोलली असणार. आणि आपण ते नेहमीसारखं कापलं असणार. पण कापलेलं सारं या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या पट्टीवर जमा होत असे, आणि ती पट्टी मामाने कधी पुसली नव्हती. देवाच्या दारी एक अक्षर वाया जात नाही, असं बुवा म्हणायचे. बुवांचं एवढं एकच वाक्य मामाने न कापता पाळलं होतं.

मामी चहा घेऊन आली. पडद्याकडे वाकून बघत राहिली.

“अहो, कोपऱ्यात ही तारीख कुठल्या जमान्यातली दिसतेय?”

दोघांनी पाहिलं. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची होती. आतला घड्याळाचा सेल केव्हाच संपला होता, आणि कॉम्प्युटर आपला मागे जाऊन बसला होता; कंपनीचा आकडा मात्र आजच्या तारखेचा होता.

“याच्या लेखी तू अजून जन्मलीच नाहीस,” मामा भाचीला म्हणाला. “मग तुझ्या हातचा आकडा घेईल कसा?”

“आणि गाढव कोण, ते कळलं का?” मामीने विचारलं.

मामाने गुपचूप तारीख बदलली. नवा आकडा आला. भाचीने तो कळवला आणि आलेला आकडा एकेक अंक करत वाचला. मामाने तो मोठ्याने म्हणत भरला. मामीने पडद्यावर बोट ठेवून पुन्हा ताडून पाहिला. शेवटचं बटण दाबायला मामाचं बोट काही खाली येईना.

“दाबा हो. देव आहे,” मामी म्हणाली.

सॉफ्टवेअर उघडलं. मामाने त्या दिवसाची फाइल काढली. खालच्या पट्टीवर छोट्या छोट्या लाटांची रांग लागली होती.

“हा खोकला. ही खुर्ची. हा बुवांचा ठसका,” मामा बोट फिरवत गेला. “हे तुझं भोकाड.”

“आणि त्याला लागून हे?”

“कुजबुज.”

“ऐकली होतीस?”

“आकार बघितला आणि कापली.” मामाचा आवाज बारीक झाला. त्याने आवाजाची कळ पूर्ण वर नेली.

आधी एक बाळ जीव खाऊन रडलं. मग माइकच्या अगदी जवळून एक तरणा आवाज आला, हसू दाबत, घरात बोलतात तसा :

“अगं हो, हो. बुवांच्याही वरचा सूर लावलास की! दादा, बाकी काय कापायचं ते काप. एवढं मात्र ठेव हं. मोठी झाली की हिला ऐकवायचंय.”