बिनआवाजाची गाडी

रात्री उशिरा कामावरून येऊन त्याने नवी इलेक्ट्रिक गाडी दारात रिव्हर्स घेतली की तिची एक गुणगुण घुमायची आणि तान्ही लेक जागी व्हायची. बायको दिवसभराची दमलेली. म्हणून एका दुपारी तो गाडीखाली आडवा झाला, तो आवाज काढणाऱ्या बंपरमागच्या स्पीकरची वायर सोडवली आणि वर टेप गुंडाळली.

त्या रात्रीपासून गाडी पाण्यावरून होडी यावी तशी अलगद येऊ लागली. लेकीच्या मिटल्या पापण्यांवरून गाडीच्या उजेडाची एक रेघ तेवढी सरकायची. तो पाळण्याशी उभा राहून तिचं झोपेतलं हसू बघायचा आणि पाऊल न वाजवता मागे फिरायचा. सकाळी ती उठायच्या आत कामावर निघायचा, रविवारीसुद्धा.

दोन महिन्यांनी कामाचा रेटा ओसरल्यावर त्याला सुट्टी मिळाली. त्याने लेकीला उचललं. ती परक्याकडे बघावं तशी बघत राहिली, ओठ काढून रडली आणि आईकडे झेपावली.

"मला विसरली की काय ही?"

"मलाही आत्ता उमगतंय," बायको हळूच म्हणाली. "त्या आवाजाने तिची झोप मोडत नव्हती रे. बाबा आला हे तिला कळायचं, म्हणून उठायची ती."