चौदा महिन्यांचं चीज

इलेनियाची ताटली चाटूनपुसून परत आली, तेव्हा अंतिओकाला आपली चूक कळली.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिची बावीस वर्षं गेली होती. भिंतीवरच्या यादीत त्या पोरीच्या नावापुढे लाल अक्षरांत लिहिलेलं होतं : दूध नाही, चीज नाही. तिचा पास्ता रोज वेगळा निघायचा. आज घाईत तिच्याही ताटलीवर मेंढीच्या दुधाच्या चीजचा किस पडला होता. चांगला मूठभर.

सात वर्षांची ती किडकिडीत पोर बाकावर पाय हलवत बसली होती.

"पोटात दुखतंय का गं?"

"नाही. अजून आहे?"

अंतिओकाने आधी डॉक्टर लोद्दोंना फोन केला, मग मुलीच्या आईला. ती, सिमोनेत्ता, पोस्टाच्या गणवेशातच धावत आली आणि पोरीला घट्ट धरून उभी राहिली.

डॉक्टरांनी आल्या आल्या पोट दाबून पाहिलं, घसा पाहिला. "हिला दुधाची ॲलर्जी आहे, की दुधातली साखर पचत नाही?"

"साखर पचत नाही," सिमोनेत्ता म्हणाली. "कपभर दूध प्यायली की तासाभरात मुरडा."

"आणि चीज किती जुनं?"

"चौदा महिन्यांचं," अंतिओका म्हणाली. "कोवळं मी घेत नाही. किसणीला चिकटतं."

डॉक्टरांनी बॅग मिटली. "मग त्यात साखर उरलेलीच नाही. मुरता मुरता संपते ती. राहतं ते प्रथिन आणि कॅल्शियम. या काडीला तेच हवंय. यादीत चीज कुणी लिहायला लावलं?"

"मी," सिमोनेत्ता म्हणाली. "दूध नको म्हटल्यावर मी सगळंच बंद केलं. दोन वर्षं झाली."

"शाळा सुटेपर्यंत बसतो मी, तुमच्या समाधानासाठी. तोवर मलाही वाढा."

पहिल्याच घासाला ते म्हणाले, "मीठ बेताचं आहे."

"चीजच खारट. पास्त्याच्या पाण्यात मी मीठ घालतच नाही."

शाळा सुटेपर्यंत इलेनिया मैदानात तीनदा पडली, दोनदा भांडली. पोटाचं तिने नावही काढलं नाही.

सिमोनेत्ता तेव्हा कुठे खाली बसली. "मावशी, तुम्हाला खूप बोलणार होते मी."

"बोल की. मी कुठे पळतेय."

पण ती हसत होती, डोळे पुसत होती. "माझे बाबा जन्मभर मेंढ्या राखत आलेत, हेच चीज करतात. आमच्याकडे आले की दारामागे उभं राहून खातात. नातीला दिसू नये म्हणून."

तिने तिथूनच फोन लावला. "बाबा, इलेनियासाठी एक चीज बाजूला काढा. हो, तिच्यासाठीच. डॉक्टर इथेच बसलेत, हवं तर विचारा."

पलीकडून मेंढ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. म्हाताऱ्याने विचारलं,

"यंदाचं काढू, की जुनं?"

"जुनं, बाबा. सगळ्यांत जुनं."