लिहायची खोली

"शेवटची तीन पुस्तकं साहेबांनी याच टेबलावर लिहिली," संग्रहालय दाखवणारी म्हातारी म्हणाली. "नाव झालं ते त्याच तिन्हींमुळे. आधीची आता कुणाला आठवतही नाहीत. बाईसाहेब घर सोडून गेल्या आणि साहेबांनी माणसांत जाणंच सोडलं. नऊ वर्षं कुणाला तोंड दाखवलं नाही. हस्तलिखितंसुद्धा मीच टपालात टाकायचे."

"तुम्ही तेव्हापासून इथे?" पाहुण्यांतल्या एका नर्सने विचारलं.

"स्वयंपाकपाणी बघायचे. पुढे एक दिवस साहेब नदीवर गेले ते गेलेच. चिठ्ठी तेवढी मागे राहिली."

बाकीचे पाहुणे हळहळत बाहेर पडले. नर्स मागे रेंगाळली.

घर सोडून गेलेली बाई तिची थोरली बहीण. ताईचं लग्न झालं तेव्हा नर्स सहा वर्षांची होती. ताई पुन्हा माहेरी आलीच नाही. 'पळून गेली' असं लोक म्हणत, आणि आई मान खाली घालून ऐकून घेई. गेल्या महिन्यात आई वारली. तिच्या पेटीत तळाशी ताईचं शेवटचं पत्र निघालं.

'ह्यांनी लिहायच्या खोलीतल्या फरश्या उखडल्यात. खाली खड्डा खणतायत. कशाला, विचारलं तर नुसते हसतात. मला न्यायला कुणीतरी या.'

कुणीच गेलं नव्हतं.

टेबलाखालच्या चार फरश्या वाकड्या बसल्या होत्या, घाईघाईने बसवल्यासारख्या.

"बाईसाहेबांना जाताना कुणी पाहिलं होतं?"

"नाही."

"मग त्या गेल्या, हे कुणी सांगितलं?"

"साहेबांचं पत्र छापून आलं होतं पेपरात." म्हातारीने एकेक खिडकी लावायला घेतली. "बंद करायची वेळ झाली. सोबत कुणी आलंय तुमच्या?"

"नाही."

"इथे आलात, हे घरी ठाऊक आहे?"

नर्सने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली, टेबल सरकवलं आणि गुडघे टेकले.

"माझी बहीण खाली आहे," ती म्हणाली. "तेव्हा कुणी आलं नाही तिला न्यायला. आज मी आलेय. पोलिसांना बोलवायचं तर खुशाल बोलवा."

पाठीमागे दाराला आतून कडी लागल्याचा आवाज झाला.

नर्सने हातोडी घट्ट धरली. वळून बघायचा धीर होईना. पावलं जवळ आली, अगदी खांद्यापाशी थांबली. मग म्हातारी कण्हत तिच्या शेजारी खाली बसली आणि तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नको उचकटू, छोटे," ती हळूच म्हणाली. "तिथे मी नाहीये. तिथे हे आहेत."