नसलेला खडा

नात अनुष्का अकरा महिन्यांची झाली, तरी रांगत नव्हती. रांगू लागली तर गुडघे खरचटू नयेत, म्हणून पेणकरपाड्याच्या आमच्या घरातल्या जुन्या, खडबडीत फरशीवर लावायला मी चिकटणाऱ्या टाइल्स आणल्या. खोक्यावर लिहिलं होतं, खाली धुळीचा कणही नको. मी भेगा बुजवल्या, फरशी तीनदा पुसली, तरी मनातली शंका जाईना. शेवटी दोन्ही हात आणि गुडघे टेकून, तळव्याने फरशी चाचपत सरकू लागलो.

"अहो, काय हरवलंय?" माझ्या बायकोने, गिरिजाने विचारलं.

"काही नाही. एखादा खडा राहिलाय का बघतोय."

"डॉक्टरांना विचारलंत का, ते दुखरे गुडघे टेकायच्या आधी?"

मी ओशाळून उठणार, तेवढ्यात तीच कुजबुजली, "उठू नका. मागे बघा."

बिस्किटाने बरबटलेल्या हातांनी अनुष्का माझ्यामागून रांगत येत होती. मध्येच थांबून, अगदी माझ्यासारखीच, तळव्याने फरशी चाचपत होती. पुसलेल्या फरशीभर तिचे पंजे उमटले होते.

"पुसून घेऊ?" डोळे टिपत गिरिजाने विचारलं.

"आज नको. टाइल्स उद्या लावू," मी म्हणालो आणि नसलेला खडा शोधत पुढे सरकलो.