सोललेली केबल

स्वयंपाकघराच्या वायरिंगसाठी आणलेल्या केबलवरचं धातूचं कवच भावोजींनी दोन दिवस खपून सोलून काढलं. वर म्हणाले, "वायर बरी आहे, पण हे कंपनीवाले पॅकिंगवर फार उधळतात."

वायरमनने कपाळावर हात मारला. "अहो काका, ते पॅकिंग नाही, वायरचं चिलखत आहे! उद्या भिंतीत खिळा ठोकलात की तिथंच चिकटाल. देव अक्कल वाटत होता तेव्हा चाळणी घेऊन गेला होतात का?"

ताई त्याच्या कानाशी लागली. "हळू बोला. तुमच्या लायसन्सवर यंदा सही करणारे नवे वीज निरीक्षक हेच."

वायरमनने केबलचं उरलेलं भेंडोळं पुढ्यात ओढलं.


"साहेब, हे आत्ताच सोलू, की जेवून?"