नाक्यावरचा बाक
कोपरीच्या नाक्यावरच्या हिरव्या बाकावर टवाळ पोरं बसतात आणि सांगूनही पालिका तो हटवत नाही, ही रहिवाशांची तक्रार लोकपाल मंदाकिनीबाईंनी पहिल्याच सुनावणीत निकाली काढली होती. बाक उखडला, रहिवासी पेढे देऊन गेले. आठवडाभराने तिथलेच त्र्यंबकराव समोर आले. “तो बाक परत बसवा, बाई.” “अहो, मग सुनावणीला का नाही आलात?” बाई चिडल्या. “आमच्या हिला घरी एकटं सोडून निघता यायचं नाही. घर, नाव, सगळं विसरलेली. पण नजर चुकवून निघाली, तरी त्या बाकावर जाऊन बसायची. तिथेच सापडायची.” “आणि आज एकटं सोडलंत?” त्र्यंबकराव चष्मा पुसत राहिले. “परवा बाक दिसला नाही, तशी चालतच राहिली. पोलीस शोधताहेत.” “तो भंगारात गेला... नवा बसवायला सांगते,” बाई कशाबशा म्हणाल्या. “हिरवाच बसवा. दुसरा ती ओळखायची नाही.”