ऑकलंडला पोचेपर्यंत

“पोचला का गं सूरज?”

आनंदीबाईंनी काळ्या चष्म्याआडून विचारलं. हात केरसुणीवर होताच.

“नाही ना आई. सिंगापूरला वादळ आहे. पुढचं विमान उद्यावर गेलं,” त्यांची सून भाग्यश्री मोबाइलवर बघत म्हणाली.

केरसुणी परत दारामागे गेली.

परवा आनंदीबाईंच्या लेकाचं, सूरजचं, ऑकलंडला जायचं अचानकच ठरलं. त्याचा वाघोलीचा मित्र तेजस गाडी घेऊन आला. आनंदीबाईंनी हातावर दही घातलं. घाईत स्वेटर मात्र खुंटीवरच राहिला.

घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा त्यांचा नेम. लोणीच्या माहेराहून आलेला, आणि विश्रांतवाडीच्या तिसऱ्या मजल्यावरही तसाच पाळलेला.

“पण आहे तरी किती लांब?”

भाग्यश्रीनं मोबाइलवर नकाशा उघडला. “हे पुणं. हे ऑकलंड. बारा हजार किलोमीटर तरी असेल. थेट विमान नाही. मध्ये उतरायचं, दुसरं धरायचं. एरवी वीसेक तास.”

“एवढ्या वेळात माझा भाऊ लोणीहून रांगत आला असता.”

डोक्यावरून एक विमान गेलं. दोघींनी वर पाहिलं आणि हसल्या.

मग दुपारभर गप्पा झाल्या. भाजलेल्या शेंगा झाल्या. टरफलं फरशीवर साचत गेली. आनंदीबाई पाय पसरून गुणगुणू लागल्या,

“बाळ माझा गं चालला, निळ्या ढगाच्या वाटेनं,
नको झाडूस अंगण, पुसतील गं पावलं.”

भाग्यश्रीनं त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, चार दिवस अजिबात वाकायचं नाही, नाहीतर डोळा गमावून बसाल. आणि घरी आल्या आल्या या बाई पलंगाखाली झाडताना सापडल्या होत्या.

तेवढ्यात सूरजचा फोन आला. “आई, अजून सिंगापुरातच आहे. काळजी करू नकोस.”

त्याच्या आवाजामागे घंटागाडीचं गाणं वाजत होतं.

“आपली आली वाटतं,” म्हणत भाग्यश्रीनं झटकन खिडकी लावली. सकाळीच ती खाली जाऊन ओला कचरा देऊन आली होती.

“असेल,” आनंदीबाई म्हणाल्या. “सूरज, जेवतोस ना वेळेवर?”

“अगं, रोज भरली वांगी.”

“सिंगापुरात? बरं आहे.”

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला. “छान भरलाय. माझं ऐकलंत म्हणायचं. आता वाकलात तरी चालेल.”

रिक्षातून उतरता उतरताच भाग्यश्रीचा मोबाइल वाजला. “आई, पोचला हो सूरज ऑकलंडला.”

“देव पावला.” आनंदीबाई भराभर जिने चढल्या. आता त्या दारामागे हात घालणार, म्हणून भाग्यश्री बघत राहिली. पण त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि लाडवांचा डबा व खुंटीवरचा स्वेटर घेऊन बाहेर आल्या.

“डबा तेजसच्या आईला दे. चार दिवस सूरजला सांभाळलं तिनं,” त्या म्हणाल्या. “आणि वाघोलीला पोचलीस की फोन कर. तोवर मी केरसुणीला हात लावत नाही.”